शिकायचे वय कोणी ठरवले? बाबासाहेबांच्या १९२० च्या परतीचा इतिहास आणि आपण



आपल्या विहारात, समाजमंदिरात, घरातल्या कॅलेंडरवर बाबासाहेबांच्या पदव्या लिहिलेल्या असतात. बी.ए., एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. लहान पोरांनाही त्या पाठ असतात. जयंतीच्या सभेत वक्ता एका दमात ही यादी म्हणतो आणि टाळ्या घेतो. यादी खरी आहे. पण ती एका ओळीत लिहिल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की बाबासाहेब एकदा शिकायला बसले आणि सगळ्या पदव्या घेऊनच उठले.

तसे झालेले नाही. त्या यादीच्या मधोमध तीन वर्षांचा खंड आहे. १९१७ च्या ऑगस्टमध्ये पैशाअभावी अर्धवट शिक्षण टाकून परत आलेला माणूस १९२० च्या जुलैमध्ये पुन्हा विद्यार्थी व्हायला निघाला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. लग्न झालेले, पोरगा सात वर्षांचा, पदरी कर्ज, आणि हाती होती ती प्राध्यापकाची नोकरी सोडलेली. आणि तो फक्त राहिलेली पदवी घ्यायला गेला नव्हता. तो पेशा बदलायला गेला होता. अर्थशास्त्राचा प्राध्यापक बॅरिस्टर होऊन परत आला.

माझे म्हणणे असे आहे की आपल्या समाजाला आज या तीन वर्षांच्या खंडाचा इतिहास पदव्यांच्या यादीपेक्षा जास्त उपयोगाचा आहे. कारण आपल्यातले बहुसंख्य लोक त्या खंडातच अडकलेले आहेत.

मी किन्हीराजा आणि आजूबाजूच्या गावांत काम करतो. मालेगाव ते शेलूबाजार या रस्त्यावरची ही गावे. सोयाबीन, तूर, थोडे हरभरे. हंगाम संपला की पुण्याच्या कंपन्या. इथे ज्यांच्याशी मी शिक्षणाबद्दल बोलतो त्यातले निम्मे शाळकरी पोरे नसतात. डी.एड. करून दहा-बारा वर्षे बसलेला भाऊ असतो. आशा म्हणून गावभर फिरणारी, प्रत्येक बाळंतपणाला दवाखान्यात हजर असणारी आणि तरी नर्स नसलेली ताई असते. कंपनीतून कमी केल्यावर गावात परत आलेला आणि वकिली करायची म्हणणारा पदवीधर असतो. आणि या सगळ्यांना घरातून, गावातून, कधी कॉलेजच्या खिडकीतून एकच वाक्य ऐकायला मिळते : "आता काय शिकाचं वय हाये काय?"

हे वाक्य निरुपद्रवी वाटते. पण त्याला इतिहास आहे, आणि तो जातीचा इतिहास आहे.

आधी १९१७ पाहू. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला आले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठीही प्रवेश घेतला. म्हणजे कायद्याचा विचार तेव्हाच होता. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याने परत बोलावले. करारानुसार संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची होती. निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले, ज्याचा आपण कधी उल्लेख करत नाही. त्यांनी विद्यापीठाकडून लेखी परवानगी मिळवली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करता येईल.

हा कागद महत्त्वाचा आहे. जगप्रसिद्ध विद्वत्ता, अफाट बुद्धी हे सगळे खरेच. पण तो कागद नसता तर १९२० चे जाणे कशाच्या आधारावर झाले असते? दार बंद होण्याआधी त्यांनी त्यात पाय अडकवून ठेवला होता.

पुढचे आपल्याला माहीत आहे. त्यांचे सामान आणि पुस्तके घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडवले गेले. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, पारशी वसतिगृहातून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकत. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या. खाजगी शिकवण्या केल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून तात्पुरती नेमणूक मिळाली. पगार महिना ४५० रुपये. तिथेही काही सहकारी प्राध्यापकांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली.

त्या काळात ४५० रुपये ही लहान रक्कम नव्हती. चाळीत राहणाऱ्या कुटुंबासाठी तर नाहीच. आपल्यापैकी कोणी असता तर म्हणाला असता, आता बस झाले, नोकरी पक्की कशी होईल ते बघू. बाबासाहेबांनी काटकसर करून त्या पगारातून पैसे साठवले आणि मार्च १९२० मध्ये ती नोकरी सोडली. काळ काय होता तेही पाहा. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू झाला होता. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, तिथे शाहू महाराजांनी त्यांचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले. मे अखेरीस नागपूरची परिषद झाली. म्हणजे चळवळ नुकती पेटली होती. अशा वेळी नेता विलायतेला शिकायला जातो हे आजच्या कार्यकर्त्याला विचित्र वाटेल. आज कोणी असे केले तर आपण त्याला पळपुटा म्हणू.

पण ते गेले. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज, एवढी शिदोरी होती. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय आणि अर्धपोटी राहणे. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. २८ जून १९२२ ला ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली. डी.एस्सी.चा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये दिला, तर मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा द्यायला सांगितला. हातात पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध नव्याने लिहिला, लंडनला पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे पुस्तक म्हणजे तोच प्रबंध.

आता प्रश्न असा : अर्थशास्त्रात एवढी गती असताना वकिली कशाला? उत्तर त्यांच्या त्या तीन वर्षांच्या अनुभवात आहे. बडोद्याच्या नोकरीत वरिष्ठ होता आणि जात होती. सिडनहॅमच्या नोकरीत सहकारी होते आणि जात होती. नोकरी म्हणजे कोणाच्या तरी मर्जीवर पोट. चळवळ करणाऱ्या अस्पृश्याला असा पेशा हवा होता की ज्यात त्याला कोणी काढून टाकू शकणार नाही आणि ज्याची हत्यारे चळवळीतही चालतील. १९२३ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा मुंबईतले सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम देत नव्हते. त्यांनी जिल्हा न्यायालयातली लहान कामे घेतली. बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत १९२५ ते १९२८ अर्धवेळ शिकवले. नवा पेशा घेतल्याबरोबर घर भरले असे काही झाले नाही. पण १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीतल्या आरोपींच्या बाजूने तेच उभे राहिले आणि खटला जिंकला. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागला. आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष अर्थशास्त्राबरोबर कायदाही जाणत होते. त्या दुसऱ्या शिक्षणाचे फळ आपण आजपर्यंत खातो आहोत.

हे सगळे सांगण्याचे कारण म्हणजे बाबासाहेबांनी पुढे या अनुभवाचा सिद्धांत मांडला. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातीचे समर्थन करणाऱ्यांना ते उत्तर देतात. समर्थक म्हणतात, जात म्हणजे श्रमविभागणी. बाबासाहेब म्हणतात, ही श्रमिकांची विभागणी आहे. आणि त्यापुढचा मुद्दा आपण फार कमी वेळा वाचतो. उद्योग कधी एका जागी थांबत नाही, तो सतत बदलतो. बदलत्या उद्योगात जगायचे तर माणसाला धंदा बदलायची मोकळीक पाहिजे. जात ती मोकळीक देत नाही. ज्याचा धंदा बुडाला तो दुसऱ्या धंद्यात शिरू शकत नाही, म्हणून उपाशी राहतो. देशातल्या बेकारीचे थेट कारण जात आहे, असे ते या युक्तिवादातून दाखवतात.

समाजशास्त्र शिकताना मी या मुद्द्यावर थांबलो होतो. जात जन्माच्या वेळी धंदा ठरवते एवढेच आपण सांगतो. पण जातीचा खरा जोर त्यानंतर आहे. ती आयुष्यभर धंदा बदलू देत नाही. म्हणून ज्या समाजात कोणीही, कोणत्याही वयात, पुन्हा शिकून दुसरे काम धरू शकतो तो समाज जातीच्या विरुद्ध दिशेने चालतो. आणि ज्या समाजात "आता तुझे वय झाले, आहे त्यात भागव" असे सांगितले जाते तो, तोंडाने काहीही म्हणो, वर्णाचाच नियम चालवत असतो. तिशीतल्या माणसाने पुन्हा कॉलेजात जाणे ही घरगुती हौस समजू नका. ते जातिअंताचे काम आहे.

शिवाय योग्य वयात शिकण्याची चैन आपल्या पूर्वजांना कधी होती? आपल्या शिक्षणाचा इतिहास काढून बघा, तो बहुतेक मोठ्या माणसांच्या शाळेचा इतिहास आहे. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरी रात्रशाळा सुरू केली. दिवसभर राबणारे शेतकरी-मजूर रात्री अक्षरे गिरवायला येत. स्वतः सावित्रीबाई लग्नानंतर शिकल्या आणि मग शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. इंग्रजांच्या लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण सक्तीचे होते, म्हणून महार कुटुंबांत अक्षरओळख शिरली. रामजी सकपाळ सैन्यात गेले, पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेतले आणि लष्करी शाळेचे सुमारे १४ वर्षे मुख्याध्यापक राहिले. शिपायाचा शिक्षक झालेल्या माणसाच्या घरी भीमराव जन्मले. पेशा बदलण्याची परंपरा त्यांच्या घरातच होती.

आपल्या विदर्भातले उदाहरण घ्या. जाईबाई चौधरी, जन्म १८९२, गाव उमरेड. दुष्काळात कुटुंब नागपूरला आले. पुढे पोटासाठी त्या नागपूर-कामठी मार्गावर डोक्यावरून ओझी वाहत. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्णांनी ओरड केली आणि ती नोकरी गेली. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने स्वतःची शाळा काढली. हमाल बाई शाळेची संस्थापक झाली. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये अशा बायकांना उजेडात आणले नसते तर आपण त्यांची नावेही विसरलो असतो.

दुसरे उदाहरण शांताबाई कांबळे यांचे. १९२३ चा जन्म, सोलापूर जिल्ह्यातले महूद गाव. १९४२ मध्ये त्या सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या. दहा वर्षे शिकवल्यावर १९५२ मध्ये त्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेल्या. पुढे जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. 'माझ्या जल्माची चित्तरकथा' या त्यांच्या आत्मकथनावरून दूरदर्शनवर 'नाजुका' ही मालिका आली, पण बहुतेकांना त्या प्रशिक्षणाची दोन वर्षे आठवत नाहीत. १९२० मध्ये बाबासाहेब २९ वर्षांचे होते. १९५२ मध्ये शांताबाई २९ वर्षांच्या होत्या. आणि ज्या सिद्धार्थ गौतमांना आपण रोज वंदन करतो त्यांनी सत्याच्या शोधात घर सोडले तेही २९ व्या वर्षी. शिकायचे वय निघून गेले असे म्हणणाऱ्याला एवढे उत्तर पुरे व्हावे.

पण इथे एक कडू प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. १९२० ते १९२३ बाबासाहेब लंडनमध्ये होते तेव्हा परळच्या खोलीत कोण होते? रमाई होत्या. घर त्यांनी चालवले, मुलाला त्यांनी वाढवले, नसलेल्या पैशाचा हिशेब त्यांनी ठेवला. पुरुष परत कॉलेजात जातो तेव्हा त्याच्यामागे रमाई असते, आणि आपण दर २७ मेला त्यांच्या स्मृतिदिनी त्यांच्या त्यागावर भाषणे देतो. बाई परत कॉलेजात जायला निघते तेव्हा तिची रमाई कोण होतो? ऊर्मिला पवारांनी लग्नानंतर, नोकरी आणि लेकरे सांभाळून एम.ए. केले. 'आयदान' वाचा, म्हणजे कळेल की चळवळीतल्या घरातही बाईच्या पुस्तकाला किती विरोध असतो. आमच्याकडे जी आशा ताई नर्सिंगचे विचारते, तिला पहिला प्रश्न फीचा येत नाही. "पोट्टे कोण पाहीन?" हा पहिला प्रश्न. आणि तो विचारणारा बहुतेक वेळा जयभीमवालाच असतो. रमाईंचा खरा आदर करायचा असेल तर पुरुषांनी दोन वर्षे स्वयंपाक करावा. फोटोला हार घालण्यापेक्षा ते अवघड आहे.

बाबासाहेबांनी स्वतःच्या त्या तीन वर्षांतून काय शिकून ठेवले ते पाहायचे तर त्यांच्या कॉलेजचे वेळापत्रक पाहावे. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, लष्कराने सोडलेल्या बराकींमध्ये. ते सकाळचे कॉलेज होते. तास सकाळी लवकर भरत आणि कचेऱ्या उघडायच्या वेळेला सुटत, म्हणजे कारकून, शिपाई, कामगार आधी विद्यार्थी होऊन मग कामावर जाऊ शकत. संस्थेने रात्रशाळाही चालवली. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय आले, तिथे वसतिगृह होते, कारण मराठवाड्याचा विद्यार्थी खेड्यातून येणार होता. १९५६ मध्ये विधी महाविद्यालय आले. भव्य इमारती नंतर आल्या. आधी हा विचार झाला की येणारा माणूस दिवसभर काय करतो, कुठून येतो आणि त्याच्याकडे कोणत्या वेळी दोन तास मोकळे असतात. संस्थाचालक म्हणवणाऱ्या आजच्या किती जणांनी हा प्रश्न स्वतःला विचारला आहे?

आता आजचे नियम त्या इतिहासाशेजारी ठेवून बघू.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही आपल्या समाजाच्या शिक्षणाचा कणा आहे. तिच्या नियमांत वर्षानुवर्षे एक कलम लिहिलेले आहे : एका व्यावसायिक शाखेचे शिक्षण पूर्ण करून दुसऱ्या व्यावसायिक शाखेत जाणारा विद्यार्थी पात्र नाही. उदाहरण म्हणून तिथेच बी.एड.नंतर एलएल.बी. असे दिलेले आहे. आता आपल्या भागात याचा अर्थ काय होतो ते बघा. शासनाने गावोगावी डी.एड., बी.एड.ची कॉलेजे उघडू दिली. आईबापांनी शेत गहाण ठेवून पोरे शिकवली. आणि मे २०१२ मध्ये महाराष्ट्र शासनाने शिक्षक भरतीच बंद केली. वर्षामागून वर्षे गेली. ज्याचा पेशा शासनाने बुडवला, त्याला दुसरा पेशा शिकायला शासनाची शिष्यवृत्ती मिळायची नाही! बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातीबद्दल जे म्हटले तेच हे कलम करते. धंदा बुडाला तरी धंदा बदलायचा नाही.

वकिलीचे बघा. बार कौन्सिलने २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या प्रवेशासाठी ३० वर्षांची कमाल मर्यादा लिहिली. अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत होती. वाद झाले, मर्यादा मागे घेतली, २०१६ मध्ये पुन्हा आणली. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली म्हणून आज चाळिशीचा माणूसही कायदा शिकू शकतो. मी भेटतो त्यातल्या कितीतरी जणांना हे माहीतच नाही. ज्या देशाच्या घटनेचा शिल्पकार ३१ व्या वर्षी बॅरिस्टर झाला, त्या देशात तिशीनंतर कायद्याच्या वर्गाचे दार बंद करण्याचा विचार तरी कोणाच्या डोक्यात आला?

नर्सिंगचे बघा. आशा निवडताना २५ ते ४५ वयाची बाई पाहिजे असते. एएनएमच्या प्रवेशाला मात्र ३५ ची कमाल मर्यादा. सवलतीचे अपवाद सोडले तर ज्या बाईने दहा वर्षे लसीकरण आणि बाळंतपणे सांभाळली, ती शिकायला निघेपर्यंत 'म्हातारी' झालेली असते. मोबदल्यावर राबायला ४५ चालते, पगाराच्या कामासाठी शिकायला ३५ च्या पुढे चालत नाही. हा हिशेब कोणाच्या फायद्याचा आहे हे सांगायची गरज नाही.

सगळेच बंद आहे असेही नाही, आणि फक्त रडगाणे गाऊन काही होत नाही. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. बारावी नसलेल्यालाही पूर्वतयारी करून पदवीला बसता येते. शेतात राबणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या कितीतरी बाया त्यामुळे पदवीधर झाल्या. पण मुक्त विद्यापीठातून वकील किंवा नर्स होता येत नाही. पोट भरणारे पेशे शिकायला प्रत्यक्ष वर्गात जावे लागते, आणि तिथेच वेळ, वसतिगृह आणि पैसा आडवे येतात. २०२१ पासून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आहे. मध्येच शिक्षण सुटले तरी मिळवलेले क्रेडिट सात वर्षे जमा राहतात. बाबासाहेबांच्या खिशातल्या त्या चार वर्षांच्या परवानगीचेच हे आजचे रूप. पण तो कागद त्यांनी निघण्यापूर्वी मागून घेतला होता. आपली पोरे कॉलेज सोडतात ती कोणाला न सांगता सोडतात. कॉलेज सोडायची वेळ आलीच तर प्राचार्यांना भेटा, कागदपत्रे ताब्यात घ्या, परत यायचा मार्ग विचारून ठेवा. हे मी प्रत्येक घरी सांगतो.

मग करायचे काय? १९२० च्या परतीला ज्या गोष्टी लागल्या त्याच आजही लागतात. परत यायची मुदत, पैसा, घर सांभाळणारे माणूस आणि सोयीच्या वेळेचे कॉलेज. यातली मुदत आणि कॉलेज शासनाकडून लढून घ्यायचे आहे. शिष्यवृत्तीतले दुसऱ्या पेशाचे कलम रद्द करा, किमान ज्यांच्या पेशाची भरतीच बंद पडली त्यांना त्यातून वगळा. आशांना एएनएमच्या वयात सूट द्या. तालुक्याच्या ठिकाणी सकाळचे वर्ग आणि जिल्ह्याला लेकरांसह राहता येईल असे बायकांचे वसतिगृह द्या. या मागण्या निवेदनात लिहा, ग्रामसभेत ठराव घ्या, निवडणुकीत उमेदवाराला विचारा. आरक्षणाच्या आणि ॲट्रॉसिटीच्या प्रश्नावर आपण रस्त्यावर उतरतो, तसेच यावरही उतरावे लागेल.

उरलेल्या दोन गोष्टींसाठी मात्र शासनाची वाट पाहायची गरज नाही. पैशाचे घ्या. नवल भथेनांनी भीक दिली नाही, कर्ज दिले, आणि मित्र म्हणून दिले. आपल्या गावागावात जयंतीची वर्गणी होते. डीजेचे एका रात्रीचे भाडे किती असते ते मंडळाच्या अध्यक्षांना विचारा. तेवढ्या पैशात एका माणसाची वर्षाची फी निघते की नाही याचा हिशेब तुम्हीच करा. जयंती थाटातच झाली पाहिजे, त्याला माझा विरोध नाही. पण त्याच वर्गणीतून दर वर्षी गावातल्या एका बाईला किंवा पुरुषाला बिनव्याजी कर्ज द्यावे, नोकरी लागल्यावर फेडण्याच्या बोलीवर. पाच वर्षांत तो निधी आपल्या पायावर उभा राहील. आणि घराचे घ्या. विहार संध्याकाळी वंदनेनंतर कुलूपबंद असतो. तो रात्री दहापर्यंत उघडा ठेवा, दिवा लावा, चटया टाका. शिकणाऱ्या बाईची लेकरे तिथे पाळीपाळीने सांभाळा. फुल्यांनी राहत्या घरात रात्रशाळा भरवली. आपल्याकडे तर घर सोडून विहार आहे.

आणि पुढच्या जयंतीला पदव्यांची यादी म्हणताना एम.ए. आणि एम.एस्सी.च्या मध्ये थांबा. सांगा की इथे तीन वर्षे पैसे नव्हते, घर नव्हते, नोकरीत अपमान होता. मग हा माणूस २९ व्या वर्षी कर्ज काढून पुन्हा बाकावर जाऊन बसला. समोर बसलेल्यांत डी.एड.वाला भाऊ असेल, आशा ताई असेल. त्यांना ती यादी तेव्हा आपली वाटेल.

जयभीम! नमो बुद्धाय!